रंग उतरेपर्यंत थांबणाऱ्या मडावी मॅडम

मडावी मॅडम माणसाला भेटल्या की आधी त्याच्या दातांकडे बघत. नाव, गाव, काम हे सगळं नंतर. पाण्याच्या प्रयोगशाळेत नमुने नोंदवायला आणि अहवाल टाइप करायला मी रुजू झालो, त्या दिवशी त्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "हसा बरं जरा, भाऊ." मी घाबरलेला दिसतो म्हणून धीर देत असतील, असं वाटून मी हसलो. त्यांनी मान तिरपी करून पाहिलं आणि विचारलं, "नदीचं पाणी का?" माझं बालपण वैनगंगेच्या काठी गेलं होतं. मी हो म्हणालो. "मंग बरोबर," असं म्हणून त्या कामाला लागल्या.

पुढे एकदा त्या आमच्याकडे जेवायला आल्या तेव्हा माझ्या बायकोलाही त्यांनी हसायला लावलं. तिच्या समोरच्या दातांवर तपकिरी रेघा आहेत. लग्नापासून मी पाहत आलो होतो, हसू आलं की ती पदर तोंडाशी नेते. मॅडमनी तिचं माहेर विचारलं, घरची विहीर किती खोल होती ते विचारलं आणि म्हणाल्या, "घासलं नाई म्हणून झालं नाई हे. तुमच्या विहिरीनं केलं. लहानपणी दात घडतात तवाच पाण्यातून आत गेलं."  मॅडम गेल्यावर बायको म्हणाली, माझी आई मला राखुंडीनं हिरड्या सोलेस्तोवर घासायला लावायची, तिला हे कोणी सांगितलं असतं तर. आता ती फोटो काढताना तोंड मिटत नाही.

मॅडम अहेरीच्या पलीकडच्या एका जंगलातल्या गावच्या. घरात गोंडी, शाळेत मराठी, नागपूरला एम.एस्सी. करताना इंग्रजी, असं त्यांचं शिक्षण झालं होतं. काही वर्षं कॉलेजात तासांवर शिकवलं, मग आमच्याकडे कंत्राटी रसायनतज्ज्ञ म्हणून आल्या. उंचीनं कमी, पाठ ताठ, सुती साडी, हातात घड्याळ सोडून काही नाही. पन्नाशी ओलांडली होती. लग्न का केलं नाही हे कोणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. त्यामुळे ते मला माहीत नाही.

प्रयोगशाळा म्हणजे चंद्रपूर-वरोरा रस्त्यावरच्या एका गावात, एका कार्यालयाच्या मागच्या दोन खोल्या. एकीत बाटल्यांचे खोके, दुसरीत ओटा आणि ओट्यावर स्पेक्ट्रोफोटोमीटर. पेटीएवढं राखाडी यंत्र. त्यात काचेच्या चौकोनी नळीत पाणी ठेवायचं. एका बाजूनं ठरावीक रंगाचा प्रकाश आत जातो, दुसऱ्या बाजूनं किती बाहेर आला ते यंत्र मोजतं आणि आकडा दाखवतं. आकडे हा माझा विषय, रसायन नव्हे. त्यामुळे प्रकाशाचा आणि पाण्यातल्या फ्लोराइडचा काय संबंध, हे मला बरेच दिवस उमगेना. एकदा विचारलं तेव्हा मॅडमनी लग्नातल्या पंगतीवरून सांगितलं.

"समजा, पंगत उठल्यावर तुम्ही पोचले. जेवणारे गेले. पण भांडी तर आहेत ना. वांग्याची भाजी संपली, आलूची तशीच आहे, तर वांगं आवडणारे बसले होते. वांग्याचं किती कमी झालं, त्यावरून किती जण बसले तेही कळते. प्रकाशात सगळे रंग वाढलेले असतात. परतेक रेणू आपल्या आवडीचाच खाते. आपुन उरलेलं पाहाचं."

फ्लोराइडच्या बाबतीत एक पायरी जास्त होती. फ्लोराइडला स्वतःला रंग नाही. म्हणून पाण्यात एक लालभडक द्रावण टाकत. त्यातल्या रंगाला झिर्कोनियम नावाच्या धातूनं धरून ठेवलेलं असतं. फ्लोराइड येतं आणि त्या धातूला ओढून नेतं, की लाल रंग फिका पडतो. जेवढं फ्लोराइड जास्त तेवढा रंग फिका. पाचशे सत्तर नॅनोमीटरचा, म्हणजे पिवळट हिरवा, प्रकाश त्यातून सोडायचा आणि किती पार झाला ते बघायचं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पाणी पिण्याचं नाही. आमच्या भागात हा दीडचा आकडा फार महत्त्वाचा आहे. त्याच्या वर वर्षानुवर्षं प्यायलेली माणसं मी पाहिली आहेत. आधी दात, मग गुडघे, मग मान वळत नाही.

नळीच्या दोन बाजू खरबरीत असतात, दोन गुळगुळीत. मॅडम खरबरीत बाजूंनीच नळी धरत आणि गुळगुळीत बाजू जुन्या धोतराच्या तुकड्यानं वरून खाली पुसत. उलट कधीच नाही. एकदा दिवसभराचे सगळे आकडे थोडे थोडे चढे आले. मॅडमनी द्रावण बदललं, यंत्राचा दिवा तपासला, काही सापडेना. शेवटी त्यांनी, बाकी सगळ्या जिच्याशी ताडून मोजत, ती कोऱ्या पाण्याची नळी खिडकीशी धरली. काचेवर अंगठ्याचा ठसा होता. त्यांनी तो हुंगला आणि माझ्या डोक्याकडे पाहिलं. सकाळी ट्रे सरकवताना मीच ती नळी उचलली होती, आणि मी खोबरेल लावून येत असे. "भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमच्या डोस्क्यातलं तेलही मोजून राह्यलं आपलं यंत्र. फ्लोराइडच्या नावानं." तो सगळा दिवस त्यांनी पुन्हा मोजला. तेव्हापासून मी तेल रात्री लावतो.

त्यांची आणखी एक सवय होती. लाल द्रावण टाकल्यावर लगेच आकडा वाचायचा, अशी पद्धत आहे. त्या लगेच वाचत, मला लिहायला सांगत, आणि नळ्या तशाच मांडून चहाला जात. चहा झाल्यावर तोच नमुना पुन्हा वाचत. आकडा जागचा हलला नाही तर ठीक. हलला तर नमुना बाजूला. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पहिला आकडा नव्या जावयासारखा असते. चहा पिऊन झाल्यावर कसा बोलते ते पाहाचं." तेव्हापासून आमच्याकडे दुसऱ्या वाचनाला चहा पाजणं म्हणू लागले. बहुतेक वेळा आकडा हलत नसे, आणि मला हा वेळ वाया जातो असं वाटे. वरिष्ठांनाही तसंच वाटे.

एक माणूस मला आठवतो. गोंडपिपरीकडून एसटीनं आला होता. पिशवीत विहिरीच्या पाण्याची बाटली. भावाशी वाद होता, आणि भावानं विहिरीत काहीतरी टाकलं अशी त्याची खात्री होती. बैल मेला होता. त्याला मशीननं विषाचं नाव सांगायला हवं होतं. मॅडमनी त्याला बसवून घेतलं आणि आमच्याकडे ज्या ज्या गोष्टी तपासता येत होत्या त्या सगळ्या तपासल्या. काही सापडलं नाही. तो म्हणाला, म्हणजे भावानं काही टाकलं नाही असं लिहून द्या. मॅडम म्हणाल्या, "मी एवढ्या गोष्टी विचारल्या, तेवढ्याचं उत्तर नाई आलं. जे विचारलंच नाई त्याचं मले काय माहीत? सापडलं नाई आणि नाईच आहे, या दोन येगयेगळ्या गोष्टी आहेत भाऊ." तो चिडला. एवढं मोठं मशीन कशाला ठेवलं मग, असं म्हणाला. मॅडमनी त्याला काय तपासलं आणि काय तपासता आलं नाही याच्या दोन वेगळ्या याद्या करून दिल्या. तो त्या न घेताच गेला. पाहिलं तेवढंच लिहायचं, आणि पाहिलेलं सगळं लिहायचं, हे मी त्यांच्याकडून शिकलो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं त्याशी जुळत नाही.

बोडीटोला हे तळ्याकाठचं छोटं गाव. काही घरं तळ्यात मासे धरणाऱ्यांची, काही जंगलात मोह आणि तेंदूपानं वेचणाऱ्यांची, थोडी शेती सगळ्यांकडे. पिण्याचं पाणी तळ्यापलीकडच्या विहिरीचं. तिथं जायला वाट चिखलाची, आणि उन्हाळ्यात विहीर तळ गाठायची. एका उन्हाळ्यात गावात नवी बोअर खोदली आणि हातपंप बसवला. पाणी प्यायला द्यायच्या आधी नमुना आमच्याकडे आला. बाटली भरून पाठवली होती गिरजाबाईंनी. गावातल्या पाण्याकडे लक्ष ठेवायला ग्रामपंचायतीनं त्यांना नेमलं होतं. मला तो नमुना आठवतो, कारण तो फार स्वच्छ होता. नव्या बोअरचं पाणी सहसा गढूळ येतं.

तेव्हा आमच्याकडे नमुन्यांचा ढीग लागला होता. पावसाळ्याआधी सगळं संपवा असा आदेश होता, आणि दुसरं वाचन ही मॅडमची हौस आहे, पद्धतीत ते कुठे सांगितलं आहे, असं वरून विचारलं गेलं होतं. पद्धतीत ते खरंच नव्हतं. त्या महिन्यात मॅडमनी चहा पाजणं बंद केलं होतं. बोडीटोल्याचा आकडा एकच्या आत आला. मी टाइप केलं, मॅडमनी सही केली. पाणी पिण्यायोग्य. गावानं पंपाला हार घातला असं नंतर कळलं.

त्यानंतर दुसऱ्या हिवाळ्यात गावोगावच्या बायकांना पाणी तपासायची छोटी पेटी वापरायला शिकवायचं ठरलं. पेटी म्हणजे एक द्रावण आणि एक रंगांची पट्टी. पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पट्टीशी रंग जुळवायचा. गुलाबी राहिलं तर चांगलं, पिवळ्याकडे गेलं तर वाईट. बोडीटोल्याला मॅडम गेल्या तेव्हा नोंदी करायला मीही जीपमध्ये होतो.

पंपाच्या ओट्याभोवती बायका जमल्या होत्या. गिरजाबाई पुढे, डोक्यावर पदर, हातात चकचकीत घासलेला गुंड, म्हणजे पाण्याची कळशी. मॅडमनी आधी सांगितलं की चांगल्या पाण्याचा रंग कसा दिसतो ते आपण आता बघू, आणि तुमचं पाणी आपण मागेच तपासलं आहे, ते चांगलं आहे. मग पंपाचं पाणी नळीत घेतलं आणि द्रावणाचे थेंब टाकले.

रंग पिवळा झाला.

मॅडम म्हणाल्या, पेटी उन्हात राहिली असेल. जीपमधून दुसरी पेटी मागवली. तोच रंग. एक बाई हसून शेजारणीला म्हणाली, मॅडमलेच येत नाई वाटते. मॅडमनी पट्टी माझ्या हातात दिली आणि गिरजाबाईंना विचारलं, मागे आमच्याकडे बाटली पाठवली ती याच पंपाची होती का. याचीच, गिरजाबाई म्हणाल्या. कशी भरली होती?

गिरजाबाईंना तो प्रश्न शाबासकीसारखा वाटला असावा. त्या खुलल्या.

"आता साफ येते बाई, पण तवा पांढरं पांढरं यायचं, चुन्यावानी. तसं पाणी साहेबलोकाइकडे कसं पाठवाचं? लोक म्हणतीन, बोडीटोल्यात बाया राह्यतात का ढोरं. मंग मी गुंडात भरलं, तुरटी फिरवली चांगली, बसू देल्लं. अन् वरचं वरचं निथरून तुमची शिशी भरली. आमच्या घरी पाव्हणा आला तर आम्ही असंच करतो. तुम्हाले आवडलं ना ते?"

मॅडम पंपाच्या ओट्यावर बसल्या. मी त्यांच्याकडे पाहत होतो. त्या गिरजाबाईंकडे पाहत होत्या आणि मान हलवत होत्या. "हाव," त्या म्हणाल्या, "लय साफ होतं."

मग त्यांनी पंपाखाली बाटली धरली, जसं आलं तसं पाणी भरलं, झाकण घट्ट केलं. परतीच्या वाटेवर त्या एकदाच बोलल्या. गिरजाबाईंच्या सुनेच्या कडेवर मूल होतं ते मी पाहिलं का, असं विचारलं. मी पाहिलं होतं. "त्याले खालचे दोन दात आले फक्त," मॅडम म्हणाल्या. "बाकीचे आत घडून राह्यले."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ओट्यापाशी बसवलं. जसंच्या तसं भरलेलं पाणी मोजलं, तर आकडा तीनच्या वर गेला. मग त्याच पाण्याचा दुसरा भाग त्यांनी भांड्यात घेतला, त्यात तुरटी फिरवली, बसू दिलं आणि वरचं निथरून घेतलं. ते काचेसारखं दिसत होतं. लाल द्रावण टाकून लगेच वाचलं, आकडा एकच्या आसपास. त्यांनी मला लिहायला सांगितलं आणि नळी तशीच ठेवली. त्या दिवशी त्या चहाला गेल्या नाहीत. खुर्ची ओढून नळीसमोर बसून राहिल्या. थोड्या वेळानं वाचलं, आकडा दीडच्या वर गेला होता. दुपारी आणखी वर. नुसत्या डोळ्यांनीही दिसत होतं. सकाळचा लालभडक रंग आमच्यासमोर हळूहळू उतरत होता.

त्यांनी मला समजावून सांगितलं. तुरटीत अॅल्युमिनियम असतं. त्यानं काही फ्लोराइड गाळाबरोबर खाली बसवलं आणि काही पाण्यातच घट्ट धरून ठेवलं. धरलेलं फ्लोराइड लाल रंगापर्यंत लगेच पोचत नाही, म्हणून पहिला आकडा कमी येतो. जसजसं ते सुटत जातं तसतसा आकडा चढतो. म्हणजे त्या उन्हाळ्यात नमुना एकदा पुन्हा वाचला असता, तर पाण्यात काहीतरी गडबड आहे एवढं तरी कळलं असतं.

"एवढ्याचसाठी थांबत होती मी इतकी वर्षं," मॅडम म्हणाल्या, "अन् थांबाचं होतं तवा थांबली नाई."

अहवाल मागे घ्यायचा तर कारण लिहावं लागणार होतं. आमचे वरिष्ठ वाईट माणूस नव्हते. ते स्वतः प्रयोगशाळेत आले, दोन्ही आकडे पाहिले, आणि त्यांना मॅडमना वाचवायचं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. नमुना भरणाऱ्या व्यक्तीनं पाण्यात तुरटी मिसळली, त्यामुळे निष्कर्ष चुकला, असं लिहा. प्रयोगशाळेवर काही येत नाही, तुमचं कंत्राट सुरू राहतं, आणि मुख्य म्हणजे ते खरं आहे. मलाही ते पटलं. मी तसं बोललो. मॅडमनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि विचारलं, मग गिरजाबाईंचं काय होईल. वरिष्ठ म्हणाले, तिला नोटीस जाईल, काढतील फार तर. आणि गावात?  आम्हा तिघांनाही गावं माहीत होती. अख्ख्या गावानं वर्षावर ते पाणी प्यायलं होतं. उद्या कोणाचंही मूल लंगडलं, कोणाचेही दात पिवळे निघाले, की बोट एकाच घराकडे जाणार होतं. गिरजाबाईंना त्याच गावात राहायचं होतं, त्याच सुनेबरोबर.

वरिष्ठ गेल्यावर मॅडमनी मला मजकूर सांगितला. नमुन्याचं वाचन एकदाच घेतलं. ते अपुरं होतं. नमुना कसा भरावा याचं प्रशिक्षण गावाला देणं ही माझी जबाबदारी होती. ते दिलं गेलं नव्हतं. अहवाल मागे घेत आहे. पंप पिण्यासाठी ताबडतोब बंद करावा.

मी थांबलो. म्हणालो, "मॅडम, यात तुरटी नाही."

"नाई."

"पण कारण तर तेच आहे."

"जे लिहिलं त्यात खोटं काई आहे का, भाऊ?"

"खोटं नाही. पण अर्धं आहे. तुम्हीच म्हणता, पाहिलेलं सगळं लिहायचं."

त्यांनी रंग उतरलेली ती नळी खरबरीत बाजूंनी धरून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "तिनं माह्यासाठी पाणी साफ केलं. करू नको म्हणून तिले कोणं सांगतलं होतं? मी सांगतलं का? तुम्ही सांगतलं? आपुन शिशी पाठवली अन् भरून द्या म्हटलं. मी नाव लिहिलं तर कागद पुरा होईन, मले माहीत आहे. पण तो कागद बोडीटोल्यात जाईन, अन् तिथी ते नाव राहीन. टाइप करा."

मी टाइप केलं. त्याच दिवशी त्यांनी सगळ्या गावांसाठी एक सूचनापत्रकही करून घेतलं. पाणी जसं आहे तसंच भरा, गढूळ असलं तरी गढूळच पाठवा, तुरटी नको, निवळीचं बी नको, फडक्यानं गाळणं नको. असं का, तेही चार ओळींत लिहिलं. गावाचं किंवा माणसाचं नाव कुठेच नाही. म्हणजे शिकायचं ते सगळ्यांपर्यंत गेलं, एवढं मला मान्य आहे. तरी मूळ अहवालात कारणाच्या जागी जे आहे ते अपुरं आहे, आणि ते अपुरं आहे हे आम्हाला लिहिताना माहीत होतं. हे योग्य झालं का, याचा हिशेब मला आजही जुळवता येत नाही. बायको म्हणते, तुम्ही फार विचार करता, त्या बाईनं बरोबर केलं. माझी मुलगी बी.एस्सी. करते. ती म्हणते, नोंद पूर्णच पाहिजे, उद्या दुसऱ्याच कोणाला तेच कारण शोधत बसावं लागेल. दोघींचंही मला पटतं.

मार्चअखेर मॅडमचं कंत्राट वाढवलं गेलं नाही. कारण कोणी दिलं नाही, द्यावं लागतही नाही. त्या अहेरीकडे परत गेल्या. तिकडे एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवतात असं मी ऐकलं. पाहिलेलं नाही. एकदोनदा फोन लावला, लागला नाही. आमच्याकडे आता नवीन यंत्र आहे. ते आकडा आपोआप थेट संगणकात टाकतं. थांबून तोच नमुना पुन्हा वाचायला त्याला कोणी सांगितलेलं नाही.

त्यांची आठवण निघाली की मला त्या दिसतात बोडीटोल्यात, पाणी कोणी पिऊ नये म्हणून पंपाला लाल रंग लावला त्या दिवशीच्या. खरं म्हणजे त्यांनी यायची गरज नव्हती. रंगवायला माणूस होता, सूचना वाचून दाखवायला मी होतो. तरी त्या जीपमध्ये येऊन बसल्या. पंपाची मान आणि दांडा लाल झाला तेव्हा बऱ्याच बाया जमल्या होत्या. मी सूचना वाचली. पाणी पिण्यास अयोग्य. एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, मागच्या साली चांगलं म्हनत होते, मंग आता काऊन वाईट झालं. मी कागद घडी करत होतो. मॅडम पुढे झाल्या.

"वाईट आता नाई झालं, आई. पहिलेपासूनच होतं. मले मोजता आलं नाई. माही चूक झाली."

कोणी ओरडलं नाही. ओरडलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. एका बाईनं तिच्या मुलाचा जबडा धरून त्याला तोंड उघडायला लावलं आणि आत बघत राहिली. दुसरी म्हणाली, म्हणजे आता पुन्हा तळ्यापलीकडे जायचं का. मॅडम हाव म्हणाल्या. ती म्हणाली, उन्हाळ्यात ती विहीर आटते, तवा काय पिऊ?  

गिरजाबाई मागे उभ्या होत्या. सून शेजारी, मूल तिच्या कडेवर. त्या हळूहळू पुढे आल्या. मला वाटतं त्यांना बरंचसं समजलं होतं. प्रशिक्षणाच्या दिवशी मॅडमनी बाटली कशी भरली हे विचारलं होतं, आणि आता हे. त्यांचा चेहरा उतरला होता. सगळ्यांच्या मध्ये येऊन त्या म्हणाल्या, "बाई, ती शिशी मी..."

"गिरजाबाई," मॅडम मध्येच म्हणाल्या, "मले तहान लागली. पाणी द्या ना."

गिरजाबाई थांबल्या. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, मग पंपाकडे पाहिलं. घरात होतं ते सगळं पाणी त्याच पंपाचं होतं. मग सुनेच्या हातातला रिकामा गुंड घेतला आणि तळ्याच्या वाटेला लागल्या. बांधावरून, विहिरीकडे.

ड्रायव्हर घाई करू लागला. आम्हाला आणखी एका गावी जायचं होतं. मी मॅडमना म्हणालो, चला, जीपमध्ये पाण्याची बाटली आहे. त्या म्हणाल्या, तुम्ही जा भाऊ, मी संध्याकाळच्या एसटीनं येईन. आणि त्या पंपाच्या ओट्यावर, ओला रंग साडीला लागणार नाही इतक्या अंतरावर बसल्या. बाया हळूहळू पांगल्या. दोघीतिघी मात्र पंपाशी आल्या आणि त्यांनी दांडा हापसायला सुरुवात केली. भांड्यांना लागते, असं एक जण कोणी न विचारताच म्हणाली. त्यांच्या तळहातांना लाल रंग लागला. तो पुसायलाही त्या थांबल्या नाहीत. गुंड भरून निघाल्या. मॅडमनी त्यांना अडवलं नाही. प्रत्येक गुंड जाताना त्या बघत होत्या.

जीप वळली तेव्हा मी मागे पाहिलं. बांधावर गिरजाबाई परत येताना दिसत होत्या. डोक्यावर गुंड, एक हात वर, चाल जड. अजून बरंच अंतर होतं. मॅडम ओट्यावरून उठल्या, साडी सावरली, आणि त्यांच्या दिशेनं उन्हात चालू लागल्या.